पिल्लू राहू द्या, आधी आई दाखवा

आमचं पहिलं पिल्लू चपलांच्या खोक्यातून घरी आलं. मोबाइलवर जाहिरात दिसली, फोन केला, तर पलीकडचा म्हणाला, "ताई, एवढ्या लांब कशाला येताय? मीच उद्या तिकडे येतोय, टोलनाक्याच्या अलीकडे भेटू." किती भला माणूस, असं आम्हाला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने गाडीची डिकी उघडली. खोक्यात लॅब्रॅडॉरची तीन पिल्लं एकमेकांवर पडून झोपलेली. त्यातलं एक लेकीने उचललं आणि व्यवहार तिथेच संपला. आठ वर्षांच्या मुलीच्या कुशीतलं पिल्लू पुन्हा खोक्यात ठेवायची हिंमत आईबापांना होत नाही, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. "पंचेचाळीस दिवसांचं आहे, पहिला डोस झालाय, डबल बोन आहे." फोनवरून पैसे गेले, पाठोपाठ तोही गेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पिल्लाचा जबडा बोटाने उघडला. पुढचे दात आलेले, मागच्या दाढा अजून हिरडीत. "हे जेमतेम पाच आठवड्यांचं आहे हो," ते म्हणाले. लसीच्या कार्डावर स्टिकर होता, पण तारीख पेनाने गिरवलेली आणि सही कोणाचीच नाही. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, पाचव्या दिवशी रक्ताची पातळ शी. पार्व्हो नावाच्या विषाणूच्या रोगाचा तो वास एकदा नाकात गेला की जात नाही. तीन दिवस सलाईन चाललं, आठव्या दिवशी पिल्लू गेलं. सलाईनचं बिल पिल्लाच्या किमतीपेक्षा जास्त झालं होतं. विकणाऱ्याला फोन लावला तेव्हा तो स्पीकरवर होता आणि लेक शेजारीच बसली होती. तो शांतपणे म्हणाला, "मग दुसरं देतो ना ताई. टेन्शन कशाला घेता?"

पार्व्होचा विषाणू घरात, अंगणात महिनोन्‌महिने टिकतो. फरशी ब्लीचने धुऊन काढली तरी निदान काही महिने नवं पिल्लू आणू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आम्ही वर्षाहून जास्त थांबलो. त्या वर्षात मी डॉक्टरांना, जुन्याजाणत्या श्वानपालकांना आणि दोन-तीन ब्रीडरना, म्हणजे कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांना, नको नको ते प्रश्न विचारून जे शिकले, ते इथे सांगते. त्यातलं निम्मं एकाच वाक्यात मावतं: पिल्लू बघायला जाऊ नका, त्याची आई बघायला जा.

खाण तशी माती

स्थळ बघताना आपल्याकडे जुनी माणसं म्हणायची, खाण तशी माती. लग्नाच्या बाबतीत ही म्हण किती खरी ते सोडा, कुत्र्यांच्या बाबतीत ती बरीच खरी आहे. दोन महिन्यांचं पिल्लू पुढे कसं निघेल हे त्याच्याकडे बघून ओळखणं अवघड असतं, कारण त्या वयात सगळीच गोंडस दिसतात. आई मात्र समोर उभी असते. अनोळखी माणूस आल्यावर ती शेपूट हलवत येते, की कोपऱ्यात अंग चोरून बसते, की दात दाखवते? पिल्लं लहान असताना ती थोडी सावध राहिली तर त्यात काही वावगं नाही, उलट चांगलंच. पण मालकाच्या हाकेलाही जी थरथरते, तिच्याकडून पिल्लांना भीतीचाच वारसा मिळतो, थोडा रक्तातून आणि थोडा तिचं बघून.

आई दाखवायचं टाळण्यामागे बहुतेक वेळा एकच कारण असतं. पिल्लू तिथे जन्मलेलंच नसतं. कुठल्यातरी शेडमध्ये मादी पिंजऱ्यात असते, दर माजाला तिचं मेटिंग होतं, पिल्लं महिन्याची झाली की दलाल गोळा करतो आणि मग ती खोक्यातून दुकानांत, डिकीत, जाहिरातीत पोचतात. कुत्रीला माज साधारण सहा-सात महिन्यांनी येतो आणि ती सुमारे ६३ दिवस गाभण राहते. म्हणजे विश्रांती न देता पिल्लं काढली तर वर्षाला दोन वेत निघतात. अशा मादीला गिऱ्हाइकासमोर आणायचं कोणत्या तोंडाने?

सबबी ठरलेल्या असतात. "आई गावाला आहे." "ती फार चिडकी आहे, बाळंतीण आहे ना." "तिचं ऑपरेशन झालंय." "सोसायटीत चालत नाही, मी पिल्लू खाली घेऊन येतो." एखादा हुशार विक्रेता दुसरीच मादी आणून उभी करतो. म्हणून तिच्या पोटाकडे बघा. आठ आठवड्यांपूर्वी व्यालेली कुत्री लपत नाही. सड ओघळलेले असतात, अंग थोडं उतरलेलं असतं, केस झडत असतात. आणि पिल्लं तिला पाहिल्याबरोबर पोटाखाली शिरायला धावतात. तशी ती धावली नाहीत, तर ती बहुधा त्यांची आई नव्हे.

बाप तिथे नसला तर मात्र बिचकू नका. उलट नर-मादीची एकच जोडी घरात ठेवून दरवर्षी त्यांचीच पिल्लं काढणारा माणूस सोय बघत असतो. चांगला ब्रीडर आपल्या मादीला साजेसा नर शोधत शंभर-दोनशे किलोमीटर जातो. त्या नराचे फोटो, कागद, तपासण्यांचे अहवाल आणि त्याच्या मालकाचा फोन नंबर मात्र त्याच्याकडे असायलाच हवा.

आठ आठवड्यांचा हिशेब

२०१७ साली केंद्र सरकारने श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम केले. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालचे हे नियम फारसे कोणी वाचत नाही, पण गिऱ्हाइकाच्या हातात ते चांगलं हत्यार आहे. विक्रीसाठी पिल्लं काढणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. मादी निदान १८ महिन्यांची असावी, वर्षात एकापेक्षा जास्त वेत नसावं, आयुष्यात पाचांहून जास्त नसावीत. भाऊ-बहीण, आई-मुलगा असे संबंध चालत नाहीत. आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही.

आता बाजारात सर्रास "पस्तीस दिवसांचं", "पंचेचाळीस दिवसांचं" असं ऐकू येतं. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. पंचेचाळीस दिवस असं अभिमानाने सांगणारा विक्रेता स्वतःच्या तोंडाने नियमभंगाची कबुली देत असतो, आणि आपण मान डोलवतो. मीही डोलवली होती.

पण हा आकडा नुसता सरकारी नाही. त्यामागे दोन गोष्टी आहेत. पहिली दुधाची. व्यालेल्या कुत्रीचं पहिलं दूध म्हणजे चीक. गाई-म्हशीच्या ज्या चिकाचा आपण खरवस करतो, तोच प्रकार. या चिकातून आईची रोगप्रतिकारशक्ती पिल्लात येते, पण ती उसनी असते आणि आठवड्यागणिक ओसरत जाते. गंमत अशी की ती अंगात भरपूर असेपर्यंत लससुद्धा नीट लागू पडत नाही, कारण आईकडून आलेली ढाल लसीलाही अडवते. आणि ढाल पातळ होत आली की एक मधला काळ असा येतो की ती रोग अडवायला अपुरी असते, पण लस अडवायला पुरेशी. कोणत्या पिल्लात हा काळ नेमका कधी येईल हे बाहेरून कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डोस द्यायचे असतात. "एक डोस झालाय, आता निर्धास्त" या वाक्याला काही अर्थ नाही. पाच आठवड्यांचं पोर आईपासून तोडायचं, गाडीत घालायचं, अन्न-पाणी बदलायचं आणि वेगवेगळ्या ठिकाणच्या पिल्लांबरोबर एका खोक्यात ठेवायचं, यापेक्षा पार्व्होला आणखी काय आमंत्रण हवं? शिवाय लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत तीन ते सात दिवस जाऊ शकतात, म्हणजे पिल्लू विकताना ते टणटणीत दिसतं.

दुसरी गोष्ट वळणाची. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचा मेंदू जगाची ओळख करून घेत असतो. या काळात जे भेटलं ते आपलं, जे कधी भेटलंच नाही ते पुढे भीतीचं. त्यातला पहिला अर्धा भाग आई आणि भावंडांचा. भावंडाला जोरात चावलं की ते केकाटतं आणि खेळ थांबतो. दात किती जोरात रोवायचे हे पिल्लू असं शिकतं. पाचव्या आठवड्यात तोडलेल्या पिल्लाला हा धडा मिळत नाही, मग तो आपल्या पोरांच्या हातावर गिरवला जातो. उरलेला अर्धा भाग आपल्या घरात जातो, पण सुरुवात ब्रीडरकडेच व्हावी लागते. पत्र्याच्या शेडमध्ये आठ आठवडे काढलेल्या पिल्लाने माणसांचं घर पाहिलेलंच नसतं.

उखळीचा सांधा

इथे थोडं थांबून सांगते, कारण पैसे सगळ्यात जास्त इथे जातात आणि दुकानात याबद्दल कोणी अक्षर काढत नाही.

मांडीचं हाड आणि कंबर जिथे जुळतात, त्याला आपल्याकडे उखळीचा सांधा म्हणतात. नाव अगदी चपखल आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या खोलगट उखळात बसतो आणि फिरतो. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींत काही पिल्लांचं हे उखळ उथळ राहतं किंवा सांधा सैल राहतो. माथा आत घट्ट न बसता हलत राहतो, घासतो, आणि सांधा झिजू लागतो. याला हिप डिस्प्लेजिया म्हणतात. जन्मताना काहीच दिसत नाही. सहा-आठ महिन्यांत पिल्लू मागचे दोन्ही पाय जोडून सशासारखं उड्या मारत पळायला लागतं आणि घरचे कौतुकाने व्हिडिओ काढतात. जिना चढायला नको म्हणतं तेव्हा त्याला आळशी ठरवतात.

हा दोष एका जनुकाचा नाही, अनेकांचा मिळून आहे, आणि त्यात वजन, खाणं, गुळगुळीत फरशी यांचीही भर पडते. त्यामुळे याची रक्ततपासणी नसते. एकच मार्ग म्हणजे आईबापांच्या कमरेचा एक्स-रे. अमेरिकेत १९६६ पासून यासाठी एक संस्था काम करते, ओएफए. तिथे एक्स-रे पाठवला की तज्ज्ञ त्याला उत्तमपासून तीव्र दोषापर्यंत सात श्रेणींपैकी एक देतात, आणि अंतिम श्रेणी कुत्रा २४ महिन्यांचा झाल्यावरच मिळते. म्हणजे दोन वर्षांच्या आत ज्यांचं मेटिंग झालं, त्यांची कंबर कशी आहे ते मेटिंगच्या दिवशी कोणाला ठाऊक नव्हतं. आपल्याकडे फार थोडे ब्रीडर या वाटेला जातात. पण चांगल्या पशुवैद्यकाकडे नीट स्थितीत काढलेला एक्स-रे कोणालाही दाखवता येतो. दोन्ही पालकांच्या एक्स-रेची प्लेट किंवा फाइल मागा, आणि तुमच्या डॉक्टरांना दाखवा. "आमच्या लाइनमध्ये असलं काही नाही" हा अहवाल होत नाही.

काही रोग मात्र एकाच जनुकाचे असतात आणि त्यांची डीएनए तपासणी गालाच्या आतून घेतलेल्या फायावर होते. लॅब्रॅडॉरमध्ये डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी करणारा पीआरए हा त्यातला एक. हिशेब सोपा आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक आईची, एक बापाची. पीआरएसारख्या रोगात दोन्ही सदोष असल्या तरच आजार होतो. एकच सदोष असली तर कुत्रा आयुष्यभर ठणठणीत राहतो, पण दोष पुढे देऊ शकतो. त्याला कॅरिअर म्हणतात. दोन कॅरिअर एकत्र आले तर प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता चारात एक. कॅरिअरला निर्दोष जोडीदार मिळाला तर एकही पिल्लू आजारी पडत नाही. म्हणून "आमची मादी कॅरिअर आहे, त्यामुळे नर क्लिअर निवडला" असं सांगणारा ब्रीडर भेटला तर घाबरून पळू नका. तो माणूस खरा आहे आणि त्याला आपलं काम कळतं.

जाता जाता लॅब्रॅडॉरवाल्यांसाठी एक. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकात बिघाड सापडला. त्यांनी तपासलेल्या लॅब्रॅडॉरपैकी सुमारे पाव भागात तो होता. पोट भरल्याचा निरोपच नीट पोचत नाही बिचाऱ्यांना. तेव्हा आमची कुत्री जेवणानंतर पाच मिनिटांनी उपाशी चेहरा करून बसते, ते सगळंच नाटक नसावं.

कागद काय सांगतो

केनेल क्लब ऑफ इंडिया ही १८९६ साली स्थापन झालेली संस्था आहे, मुख्यालय चेन्नईला. तिची नोंदणी म्हणजे "केसीआय पेपर". त्यावर पिल्लाचा मायक्रोचिप क्रमांक, आईबाप, आजे-पणजे यांची नावं असतात. बाजारात "पेपरवालं" आणि "बिनापेपरचं" असे दोन भाव असतात, आणि पेपर म्हणजे दर्जाची हमी असा समज पक्का बसलाय. तसं नाही. हा कागद वंशावळ सांगतो, तब्येत सांगत नाही. सातबाऱ्यावर जमीन कोणाची ते कळतं, पीक कसं येईल ते कळत नाही, तसंच. आणि ही वंशावळ मुळात ब्रीडरने भरून दिलेल्या माहितीवर उभी असते.

तरीही कागद मागाच, आणि मिळाला की एक काम करा. आजोळ आणि बापाकडची नावं ताडून बघा. एकच नाव दोन्हीकडे किती वेळा येतं? आपल्याकडे सगोत्र विवाह नको म्हणतात, काही समाजांत मामेबहिणीशी लग्न चालतं. आते-मामे भावंडांच्या संततीत, एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता सव्वासहा टक्के असते. सावत्र भावंडांच्या संततीत साडेबारा टक्के, सख्ख्या भावंडांच्या किंवा आई-मुलाच्या संततीत पंचवीस टक्के. जेवढी ही टक्केवारी वाढते, तेवढे लपलेले दोष उघडे पडायची शक्यता वाढते. "शुद्ध" या शब्दाचा आपल्याला फार मोह, पण शुद्ध जात म्हणजे मुळात दार बंद केलेलं कुटुंब. आतली नाती किती जवळची हे तपासल्याखेरीज त्या शुद्धतेचं काय लोणचं घालायचं?

राहिली बाजारातली विशेषणं. डबल बोन हा शब्द कुठल्याही शरीरशास्त्रात नाही. हाडं सगळ्यांना तेवढीच असतात. टीकप म्हणजे वेतातलं सगळ्यात अशक्त पिल्लू किंवा कमी वयाचं पिल्लू. चॅम्पियन ब्लडलाइन म्हणजे चार पिढ्यांपूर्वी कोणीतरी बक्षीस मिळवलं होतं. "पंच फेस", म्हणजे चपटा चेहरा, हा शब्द मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २००३ च्या सुमारास मोबाइल कंपनीच्या एका जाहिरातीत पोरामागे धावणारा पग आला आणि घरोघरी पग झाले. चपट्या नाकात श्वास जायला जागाच अपुरी असते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून थंड होतो, आणि ज्याला धड श्वास घेता येत नाही तो मे महिन्यात नागपुरात धापा टाकणार कसा? पग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू घ्यायचाच असेल तर आई-बाप चालताना, पळताना आणि झोपताना ऐका. झोपेत घोरणं हे लाडाचं लक्षण नाही. नाकपुड्या उघड्या असलेले, नाक जरा लांब ठेवलेले कुत्रे मुद्दाम निवडणारा ब्रीडर सापडला तर त्याच्या पिल्लांना "पंच कमी आहे" म्हणून भाव पाडून मागू नका.

जिथे प्रश्न आपल्यालाच विचारले गेले

दुसऱ्या खेपेला आम्ही साताऱ्याजवळच्या एका गावात गेलो. काका निवृत्त शिक्षक, घरात दोन लॅब्रॅडॉर माद्या, नर एकही नाही. फोनवर पहिल्यांदा बोलले तेव्हा त्यांनी किंमत सांगितलीच नाही. कितव्या मजल्यावर राहता, लिफ्ट आहे का, दुपारी घरात कोण असतं, याआधी कुत्रा होता का, त्याचं काय झालं? मी पार्व्होचं सांगितलं तेव्हा थोडा वेळ गप्प झाले आणि म्हणाले, "पिल्लं तीन आठवड्यांची झाली की या. त्याआधी नको."

दारात पाय बुडवायला जंतुनाशकाचं घमेलं. हात धुतल्याशिवाय आत प्रवेश नाही. पिल्लं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, लाकडी कुंपणात, वर्तमानपत्रांवर. सात होती, आणि सगळ्यांच्या गळ्यात वेगवेगळ्या रंगाची लोकर सैल बांधलेली. काकूंनी कुकर लावला होता. शिट्टी झाली तशी मी दचकले, पिल्लं ढिम्म. त्यांच्यासाठी मिक्सर, कुकर, देवाची घंटा हे सगळं जन्मापासूनचं. आई उठून आली, माझा हात हुंगला, लेकीच्या पायाशी आडवी झाली आणि पुन्हा पिल्लांकडे गेली.

काकांची एक लांबट वही होती, वाण्याकडे असते तशी. त्यात रोजचं प्रत्येकाचं वजन, जंताच्या औषधाच्या तारखा (दुसऱ्या आठवड्यापासूनच सुरू), आईच्या आणि बापाच्या कमरेच्या एक्स-रेचे अहवाल, डीएनएचा कागद. मी विचारायच्या आधीच त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. लेकीने लाल लोकरवालं उचललं. सगळ्यात आधी धावत आलेलं ते होतं. काका म्हणाले, "ती तुमच्यासाठी नाही. ती पळवून पळवून दमवेल. तुम्हाला हिरवी." लेक रुसली. हिरवी आम्हाला मिळाली ती आठ आठवड्यांची झाल्यावर, चिप बसवून, ज्या चादरीवर आई झोपायची तिच्या एका तुकड्यासकट.

दोन पानी करार होता, त्यांच्या हस्ताक्षरात. तीन दिवसांत आपल्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, काही निघालं तर पिल्लू परत, पैसे परत. पुढे कधीही, दहा वर्षांनीसुद्धा, सांभाळणं जमलं नाही तर ती आमच्याकडेच परत आणायची, दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. दोन वर्षांची झाली की कमरेचा एक्स-रे काढून आम्हाला पाठवायचा. आणि त्याआधी तिची पिल्लं काढायची नाहीत. "मादीला एकदा तरी आई होऊ द्यावं" हा समज घराघरांत आहे, शेजारच्या वहिनींनी मलाही सांगून झालं होतं. पण पिल्लं होण्याने कुत्रीची तब्येत सुधारते असं काही नाही, आणि मायेपोटी काढलेली, तपासणी नसलेली पिल्लंही शेवटी बाजारातच जातात.

किंमत टोलनाक्यावरच्या पिल्लाच्या अडीचपट होती. घासाघीस केली नाही.

अशी माणसं जाहिरातीत कमी सापडतात. आम्हाला काका आमच्या डॉक्टरांमुळे मिळाले; ज्याची पिल्लं वर्षानुवर्षं नीट वाढताना डॉक्टरांनी स्वतः पाहिलीत, त्याचं नाव ते सांगू शकतात. डॉग शोमध्येही लोक भेटतात, फक्त तिथे पिल्लाविषयी विचारायच्या आधी त्यांच्या म्हाताऱ्या कुत्र्यांविषयी विचारा. निवृत्त झालेल्या मादीला घरातच ठेवतात का, हे मला करंडकांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. आणि फोटो पाठवून "आधी अ‍ॅडव्हान्स टाका, विमानाने पाठवतो" म्हणणाऱ्याकडे बहुधा पिल्लूच नसतं. आधी प्रवासाचा पिंजरा, मग विमा, मग विमानतळावरचा कर, असे पैसे मागत राहतात आणि एक दिवस नंबर बंद होतो.

जातिवंत कुत्रा म्हणजे परदेशीच हवा असंही नाही. लातूरपासून मुधोळपर्यंतच्या पट्ट्यात कारवान जातीचे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले गेले. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याला आश्रय दिला म्हणून तो मुधोळ हाउंड या नावानेही ओळखला जातो. उंच, सडपातळ, वाऱ्यासारखा धावणारा. पण वन बीएचकेमध्ये त्याला कोंडणं हा त्याच्यावर अन्याय, आणि घेताना प्रश्न तेच. आई कुठे आहे?

आमची हिरवी दोन वर्षांची झाली तेव्हा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, छान आहे. मी फाइल काकांना पाठवली आणि त्यांनी ती वहीत लावली असेल म्हणून विसरून गेले. दरम्यान नणंदेला आमची कुत्री इतकी आवडली होती की तिने त्याच आईच्या पुढच्या वेतातलं पिल्लू बुक करून ठेवलं होतं, पैसेही भरले होते. महिन्याभराने तिला काकांचा फोन आला. सातांपैकी पाच जणांनी एक्स-रे पाठवले होते, त्यातल्या दोघांची कंबर चांगली नव्हती. लाल लोकरवाली त्यातली एक. "तिच्या आईला आता वेतासाठी ठेवणार नाही," काका म्हणाले, "तुमचे पैसे आज परत करतो." दुसऱ्या मादीचं वेत पुढच्या वर्षी, तेही तिचे अहवाल नीट आले तर.

"वहिनी, एवढी वाट कोण बघतं हो एका कुत्र्यासाठी?" नणंद फोनवर माझ्यावरच वैतागली. पैसे संध्याकाळी तिच्या खात्यात जमा झाले होते. यादीतलं नाव तिने काढलं नाही.